घर मुंडकाराचं, जमीन कुणाची?

प्रश्न : ताई, माझा मुलगा स्वतःला लिबर्टेरियन म्हणवतो, म्हणजे मालमत्तेत सरकारची ढवळाढवळ नको असं मानणारा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला संरक्षण देणारा आपला गोव्याचा मुंडकार कायदा ही सरकारी लूट आहे, असं त्याचं मत. थोरले भाऊ जन्मभर कामगार संघटनेत. जमीन सरकारचीच हवी म्हणतात. मुलगी डावीच, पण तिला सरकारही नको. चतुर्थीला तिघे भेटले की भांडण ठरलेलं. वाद नेमका कशावर आहे? – एक वाचक, डिचोली

उत्तर : वाद मालकीवर आहे. सरकारचा विषय त्यामागून येतो.

भाऊ आणि मुलगी यांचं भांडण जुनं आहे. १८७२ साली हेगच्या अधिवेशनात अराज्यवादी बाकुनिनला इंटरनॅशनल या कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून काढलं, त्यामागे हाच झगडा होता. कामगारांनी राजसत्ता हाती घ्यावी, असं मार्क्स म्हणे. त्यातून नवे मालक तयार होतील, हे बाकुनिनचं भय. सरकारवरच्या या अविश्वासापुरती तुमची मुलं एकत्र आहेत. पण बाकुनिनच्या वाटेचे लोक भाटकारालाही नाकारतात, तिथे दोघांचं फाटतं.

मी मुंडकाराची नात. घराचा चिरान् चिरा आजोबांच्या पैशाचा, दारातला माड मात्र भाटकाराचा. पडलेला नारळसुद्धा उचलता येत नसे. १९७५ च्या कायद्याने घराबाहेर काढलं जाण्याची धास्ती गेली आणि घराची जागा विकत घ्यायचा हक्क मिळाला. विकत, फुकट नव्हे, हे मुलाला जरूर सांगा. त्याच्याच पंथाचा तत्त्वज्ञ नोझिक १९७४ मध्ये लिहून गेला आहे की मालकी मुळात रास्त मार्गाने आलेली हवी, आणि मागे अन्याय झाला असेल तर तो दुरुस्त व्हायला हवा. मग भाटकाराच्या पूर्वजांकडे जमीन आली कशी, हे आधी त्यानेच विचारायला हवं. ते न विचारता मालकीला हात लावू नका म्हणणं मला मान्य नाही.

भावांना गावकारीची, म्हणजे गोव्यातल्या जुन्या ग्रामव्यवस्थेची, आठवण द्या. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात (रूढींच्या सनदेत) नोंदवलेली ही पद्धत त्यांच्या येण्याआधीची. जमीन गावकारांची सामायिक, सरकारची नव्हे. (गावकार म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतले पुरुष. बायका आणि मुंडकार बाहेरच, हे मुलीच्याही कानावर घाला.)

पुढच्या चतुर्थीला तिघांना एवढंच विचारा : गावची टेकडी बिल्डरला जात असेल, तर नाही म्हणायचा अधिकार कुणाचा? मुलगा मालकाचं नाव घेईल, भाऊ सरकारचं, मुलगी गावाचं. मी मुलीच्या बाजूची, पण त्या गावात मुंडकाराच्या सुनेचंही मत धरलं जाणार असेल तरच.