स्की जंपिंग करणाऱ्यांना मरणाची भीती वाटत नाही का? हे शिकता येतं का?

वाटते की. पायाला स्की बांधून उंच घसरगुंडीवरून सुसाट खाली यायचं आणि टोकावरून लांब झेपावायचं, असा हा खेळ. भीतीच न वाटणाऱ्या पोराला प्रशिक्षक वरच्या बाकावर (जिथून घसरायला सुरुवात होते) बसूच देणार नाही.

पण टीव्हीवर वाटतं तसे ते आकाशातून कोसळत नसतात. उडी सुटते ते घसरगुंडीचं टोक वर नाही, किंचित खालीच झुकलेलं असतं. ताशी ९० किमीच्या आसपास सुटलेला माणूस उताराच्या अंगानं तरंगत जातो, जमिनीपासून काही मीटरवरच, आणि टेकतोही उतारावर, म्हणून हाडं शाबूत राहतात. उतार संपून सपाटी लागली तर मात्र कठीण. म्हणूनच वारा फिरला की पंच सुरुवातीचा बाक खाली घेतात, म्हणजे वेग कमी होतो, नाहीतर स्पर्धाच थांबवतात.

हे सगळं मी १ जानेवारीला जर्मनीतल्या गार्मिशला स्पर्धेच्या टेकडीखाली कुडकुडत दादाला समजावत होते (मी म्युनिकला असते, तो पुण्याहून आला होता). त्याचं आपलं एकच, "आत्महत्या आहे ही. यात मुली नाहीत तेच बरं." माझं डोकंच फिरलं. कॉलेजात लिंगाण्याच्या चढाईला मला ह्यानंच अडवलं होतं, "हातपाय मोडले तर लग्न कसं व्हायचं?" म्हणून. स्वतः मात्र गेला.

मुली आहेत, दादा. पुरुष ऑलिंपिकमध्ये १९२४ पासून उड्या मारतायत, बायकांना २०१४ पर्यंत थांबवलं. शरीराला झेपणार नाही म्हणे! व्हँकूवर २०१० साठी त्या कोर्टात गेल्या, तिथंही हरल्या. आणि मार्च २०२५ मध्ये स्लोव्हेनियाच्या निका प्रेव्हत्सनं २३६ मीटर लांब उडीचा महिलांचा विक्रम केला, त्याच महिन्यात तिचा भाऊ डोमेननं २५४.५ मीटरचा पुरुषांचा. एकाच घरातले दोघं. त्या घरात कोणी कोणाला अडवलं नसावं.

धोका नाही असं म्हणत नाहीये हं. २०१६ मध्ये ऑस्ट्रियातल्या कुल्मला तिथलाच खेळाडू लुकास म्युलर पडला, मणक्याला इजा होऊन चाकाच्या खुर्चीवर आला. २०२१ मध्ये स्लोव्हेनियातल्या प्लानित्साला नॉर्वेचा डॅनियल टांडे पडला, त्याला कृत्रिम कोमात ठेवावं लागलं. तो पुन्हा स्पर्धेत उतरला. गुडघे तर अनेकांचे जातात.

शिकायचं म्हणाल, तर इकडची पोरं शाळकरी वयातच अगदी छोट्या टेकड्यांवरून सुरुवात करतात. तुम्ही आधी औली किंवा गुलमर्गला साधं स्कीइंग पक्कं करा. तिशी उलटली असेल तर सरळ गार्मिशचं तिकीट काढा, आणि मोजे दोन-दोन घाला.