मुलगी दहाची होतेय. शाळेच्या गाईड पथकात घालू की जवळच्या मुक्त (शाळेशी न जोडलेल्या) पथकात?

जिथे मुक्कामी शिबिर खरंच होतं तिथे घाला, मग पथक शाळेचं असो वा मुक्त. मी स्वतः पथक चालवते म्हणून सांगते, काही पथकं फक्त २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या संचलनापुरतीच जिवंत असतात. दहाव्या वर्षी मुली बुलबुलमधून, म्हणजे लहान मुलींच्या गटातून, गाईडमध्ये येतात आणि सहा ते आठ जणींच्या संघात काम करू लागतात. गाठी, तंबू, चूल पेटवणं हे तिथेच अंगात मुरतं. एका सभेला जाऊन नुसतं बघा: संघनायिका काही ठरवते, की सगळं कॅप्टनच (पथक चालवणाऱ्या बाई) ओरडून सांगतात?

फक्त, पुढे राज्य पुरस्कार किंवा राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जायचं असेल तर पथकाची जिल्हा संस्थेकडची नोंदणी चालू आहे ना, हे आधी विचारा.