शेतावर राहायला निघालात, पण आधी वडिलांचा सातबारा काढा

तुमचं पत्र सविस्तर आहे. ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही हिशेब समजेल. तुम्ही ४६ वर्षांचे, पत्नी ४३, मुलगी नववीत, आई ७१ वर्षांच्या. आईंना मधुमेह आणि रक्तदाब. पुण्यात स्वतःचा फ्लॅट, त्यावर ९ लाखांचं कर्ज शिल्लक. पीएफ २१ लाख, एफडी ८ लाख, शिवाय वर्षाला ६० हजार हप्त्याची २० वर्षांची एंडोमेंट पॉलिसी (बचत आणि विमा एकत्र असलेली), तिचे ९ हप्ते भरून झालेत. भोर तालुक्याच्या पश्चिमेला १२ एकरांवर ४० कुटुंबांची सामूहिक शेती उभी राहतेय. ३२ लाख भरले की ५ गुंठे, ६०० फुटांचं घर आणि सामायिक शेतातला वाटा मिळेल, असं तुम्हाला सांगितलंय. मार्चमध्ये नोकरी सोडून तिथे राहायचं आणि तिथेच पिकलेलं खायचं. खाण्याचा खर्च महिना २२ हजारांवरून ५ हजारांवर येईल हा तुमचा अंदाज. प्रश्न एवढाच, की पैसे उभे करायला पीएफ काढावा की पॉलिसी मोडावी?

दोन्ही नको. कारण सांगतो.

खाण्याच्या आकड्यापासून सुरू करू, कारण सगळा बेत त्यावर उभा आहे. तुमचे २२ हजार असे जातात: दूध-दही-तूप साडेपाच हजार, भाजी चार, फळं अडीच, तांदूळ-गहू-ज्वारी अडीच, डाळी दीड हजार, तेल सातशे, चहा-साखर-मसाले आणि बाकी किराणा २,८००, बाहेरचं खाणं अडीच हजार. यातलं भोरच्या मातीत काय पिकेल?

तांदूळ नक्की पिकेल, तो भाग भाताचाच आहे. घरे, रस्ते, विहीर, गोठा वजा जाता १२ एकरांतले ८ एकर लागवडीला उरतील. इंद्रायणी लावली तर एकरी १५ क्विंटल भात धरा. भरडल्यावर त्याचा साधारण १० क्विंटल तांदूळ होतो. एका घराला महिन्याला १० किलो म्हणजे ४० घरांना वर्षाला ४८ क्विंटल. त्याला ५ एकर लागले. भात निघाल्यावर ३ एकर गहू घेतला आणि पाणी पुरलं, तर एकरी १२ क्विंटलने ३६ क्विंटल, म्हणजे घरटी ९० किलो. तुम्हाला लागतो त्याच्या निम्मा. तूर त्या पावसात बांधावर येते तेवढीच. तेलासाठी भुईमूग लावायला जमीन उरत नाही. साखर, चहा, मीठ, हिंग, जिरं दुकानातूनच आणायचं.

भाजी ऑक्टोबर ते मे भरपूर मिळेल, मात्र विहिरीला मे महिन्यात पाणी हवं. उन्हाळ्यात ठिबकवरच्या एक एकर भाजीला रोज १५ ते २० हजार लिटर लागतं, आणि दीडशे माणसांना वापरायला जवळजवळ तेवढंच. विहीर मार्चमध्ये बघून उपयोग नाही, मेच्या तिसऱ्या आठवड्यात बघा. पावसाळ्यात घाटाच्या बाजूला पालक, मेथी, कोथिंबीर टिकत नाही. मुळाशी पाणी साचून कुजते, टोमॅटोवर करपा येतो. मांडव घालून दोडकं, कारलं, पडवळ, काकडी होतात, अळू होतो, जुलैत टाकळा-कुर्डू-भारंगी मिळते. हे खाणं मला मनापासून आवडतं. पण तुमची मुलगी चार महिने दोडकं आणि अळू खाईल का, हे तिला आत्ताच विचारा.

दुधाचं तर गणितच बसत नाही. माहितीपत्रकात ४ गीर गाई आहेत. एका वेळी तीन दुभत्या, रोज ५ लिटरच्या, म्हणजे १५ लिटर. ४० घरांत घरटी ४०० मिली सुद्धा नाही. तुम्हाला अडीच लिटर लागतं. फळांत पपई वर्षाच्या आत येते. आंबा, चिकू, पेरू आज लावला तर हातात यायला तीन-चार वर्षं.

आता बेरीज करू. तांदळाचे ६५०, भाजीचे तीन हजार, फळांचे सध्या पाचशे, दुधाचे सातशे, बाहेरचं खाणं कमी झाल्याचे दोन हजार. वाचले सात हजारांच्या आत. म्हणजे २२ चे १५ हजार होतात, ५ हजार होत नाहीत. त्यावर सामायिक देखभालीचे महिना साडेचार हजार द्यायचेत, हे तुमच्याच पत्रात आहे. आईंचा डॉक्टर आणि मुलीची शाळा यांसाठी गाडीच्या फेऱ्या वेगळ्या. बचत शून्य धरा. आणि ३२ लाख ७ टक्क्यांनी नुसते ठेवले तर महिन्याला साडेअठरा हजार देतात. ताजं, फवारणी नसलेलं अन्न खावंसं वाटणं अगदी रास्त आहे, पण या व्यवहारात तुम्ही त्यासाठी महिन्याला साडेअठरा हजार मोजता आहात. ‘९० टक्के अन्न आपल्याच मातीतलं’ हे वाक्य छापणाऱ्याने वरची बेरीज केलेली नाही.

आता कागद. तुम्ही २ लाख टोकन देऊन नोटरी केलेला करार घेतलाय. सातबारा प्रवर्तकांपैकी दोघांच्या नावे आहे आणि तुम्हाला ‘९९ वर्षांचा वापर हक्क’ मिळणार आहे. म्हणजे ३२ लाख देऊनही जमीन तुमची होत नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ५ गुंठ्यांचा स्वतंत्र तुकडा तर शेतकऱ्याच्याही नावावर सहजासहजी होत नाही. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे किमान क्षेत्र आहे. २०२५ मध्ये आलेली सवलत नागरी आणि बिगरशेती वापराच्या पट्ट्यांपुरती आहे, भाताच्या खाचरांना ती लागू नाही. शेतघराला किमान एक एकर जमीन लागते; १२ एकरांवर ४० घरं ही शेतघरं ठरत नाहीत, ती वसाहत होते. तेव्हा बिगरशेती आदेश आणि बांधकाम मंजुरीची प्रत मागा. ‘प्रक्रिया चालू आहे’ हे उत्तर आलं तर ते ‘नाही’ असंच समजा. स्थावर मालमत्तेतला हक्क नोंदणीकृत दस्ताने मिळतो, नोटरीचा शिक्का त्याला पुरत नाही. प्रवर्तकांपैकी एकाचं निधन झालं किंवा त्याने त्या जमिनीवर कर्ज काढलं, तर त्याचे वारस किंवा बँक तुमचा करार विचारात घेतीलच याची खात्री नाही.

पैसे कुठे जातात तेही बघा. ४० गुणिले ३२ म्हणजे १२ कोटी ८० लाख. जमीन एकरी ४० लाख धरली तरी ४ कोटी ८० लाख. घरं प्रत्येकी १२ लाखांनी तेवढेच. उरलेले ३ कोटी २० लाख कशाचे, हे लेखी विचारा.

माहितीपत्रकातल्या चंदनाबद्दल मला राग येतो. ‘तुमच्या ५ गुंठ्यांत १०० चंदन, १२ वर्षांत १ कोटी.’ ५ गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट. १० बाय १० फुटांवर त्यात ५४ झाडं बसतात, तीही घर न बांधता. चंदन परोपजीवी आहे, त्याला शेजारी यजमान झाड लागतं. पाणी साचलेली जमीन त्याला सोसत नाही आणि तुमचं शेत भाताचं आहे. १२ वर्षांत खोडातला सुगंधी गाभा किती भरेल याचा भरवसा नाही. चोरी होते ती वेगळीच. त्यातच वर्षाला १० टक्के ‘खात्रीचा परतावा’ही लिहिलाय. लोकांचे पैसे एकत्र करून, शेती दुसऱ्याने सांभाळून परतावा द्यायचा, ही सामूहिक गुंतवणूक योजना ठरू शकते आणि तिला सेबीची, म्हणजे गुंतवणुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते. तिचा नोंदणी क्रमांक मागा. पीएसीएल या कंपनीने जमिनीच्याच नावावर गोळा केलेले ४९,१०० कोटी परत करायचा आदेश सेबीने २०१४ मध्ये दिला, आणि लोक अजून पैशांसाठी खेटे घालताहेत.

सामूहिक जगण्याला माझा विरोध नाही. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलला १९६८ पासून लोक एकत्र राहतात, शेती करतात. तिथे जमीन आणि घरं ऑरोव्हिल फाउंडेशनच्या मालकीची आहेत आणि राहणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक असतं. तुम्हाला मात्र वापराचा हक्क मालकीच्या भावाने विकला जातोय.

आता ज्यासाठी हे उत्तर लांबवलं ते. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, ‘वडिलांची वाई तालुक्यात सव्वा एकर आहे, २०१६ ला ते गेल्यापासून काकाच बघतात, आम्ही त्यात लक्ष घातलं नाही.’ अहो, शेतकरी होण्यासाठी तुम्ही ३२ लाख द्यायला निघालात, आणि वडिलांच्या नावची शेती नऊ-दहा वर्षं वारस नोंदीविना पडून आहे.

नोंद लगेच लावा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून सातबारा आणि ८अ (खात्याचा उतारा) काढा. मालकाच्या रकान्यात वडिलांचं नाव अजून आहे का, इतर हक्कांत कर्जाचा बोजा आहे का आणि पीकपाहणीत कोणाचं नाव आहे ते बघा. दरवर्षी काकांचं नाव लागत असेल तर ते त्यांनी जमीन कसली म्हणून लागलंय, त्यात वाईट वाटून घेऊ नका. पण जितकी वर्षं जातील तितका गुंता वाढतो. तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन सेवेवरून वारस नोंदीचा अर्ज करा. मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र आणि आधारच्या प्रती जोडा. आई, तुम्ही आणि तुमची बहीण, तिघांचीही नावं हवीत. बहिणीचं लग्न झालंय म्हणून तिला वगळलंत तर पुढे तीच नोंद अडेल. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. अर्ज टाकायच्या आधी आईंना घेऊन काकांकडे जा आणि समोरासमोर बोला. इतकी वर्षं त्यांनी जमीन पडू दिली नाही, याचं मोल त्यांच्याजवळ बोलून दाखवा. पुढेही ते कसणार असतील तर धान्याचा वाटा काय, ते ठरवा.

नाव लागलं की तहसीलदारांकडून शेतकरी दाखला घेता येईल, आणि उद्या शेतकरी असलेल्या चार मित्रांनी मिळून एकरभर जमीन नोंदणीकृत खरेदीखताने घ्यायची झाली तर कायद्याची आडकाठी उरणार नाही. कदाचित घ्यावीही लागणार नाही.

दुसरी न विचारलेली गोष्ट विम्याची. ‘ऑफिसची ५ लाखांची मेडिक्लेम आहे, तिकडे काळजी नाही’ असं लिहिलंय. राजीनामा दिलात की ती मेडिक्लेम संपते, चौघांचीही. नोकरी चालू असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. त्याने आधीच्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षाकाळ मोजला जाऊ शकतो. नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आई सत्तरीच्या पुढच्या आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. मात्र भोरच्या त्या टोकापासून योजनेतलं रुग्णालय किती लांब आहे, तेही बघून ठेवा.

टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा, तोसुद्धा नोकरी असतानाच घ्या. १ कोटीच्या कव्हरला तुमच्या वयात, तंबाखू नसेल तर, वर्षाला साधारण २५ ते ३० हजार पडतील. पगाराच्या पावत्या थांबल्या की एवढं कव्हर द्यायला कंपन्या कां-कूं करतात. एंडोमेंट पॉलिसीत ९ वर्षांत ५ लाख ४० हजार गेले आणि कव्हर १२ लाखांचं. कर्जदार बापाला हे विकणाऱ्याने स्वतःचं कमिशन पाहिलं. मोडू नका, टर्म हाती आल्यावर पुढचे हप्ते थांबवून ती पेड-अप करा, म्हणजे हप्ते न भरता कमी रकमेवर ती चालू राहील. पीएफला तर हातच लावू नका. ८ टक्के धरले तरी ५८ व्या वर्षापर्यंत २१ लाखांचे ५० लाखांच्या वर होतात. नोकरी सोडल्यानंतरचं त्यावरचं व्याज करपात्र ठरतं, एवढं लक्षात ठेवा.

मग शेतातलं खायचं कसं? आत्ताही खाता येईल. नोव्हेंबर-डिसेंबरात भोर-मुळशीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचं १८० किलो भात घ्या आणि दर दोन महिन्यांनी ३० किलो भरडून आणा. हातसडीचा तांदूळ कोंड्यातल्या तेलामुळे लवकर खवट होतो, म्हणून साठवायचा तो भात. काकांकडून गहू आणि कडधान्य आणा, डाळीला एरंडेल चोळून ठेवा. भाजीची आठवड्याची टोपली थेट शेतकऱ्याकडून लावा. हे सगळं बाजारभावापेक्षा वर्षाला दहा-बारा हजारांनी महाग पडेल.

आणि तिथे राहून बघायचंच असेल तर त्यांच्याकडे पाहुण्यांच्या दोन खोल्या आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. मुलीची दहावी झाली की बिनपगारी रजा टाकून जून ते सप्टेंबर भाड्याने राहा. पावसाळ्यात वीज किती दिवस जाते, भिंतींना ओल किती येते, चिखलणीला चाळीसपैकी किती घरची माणसं उतरतात, हे त्या चार महिन्यांत दिसेल.

टोकनचे २ लाख लेखी पत्र देऊन परत मागा: १५ दिवसांत नोंदणीकृत दस्ताचा मसुदा, बिगरशेती आदेश आणि सेबी नोंदणी दाखवा, नाहीतर रक्कम परत करा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, ते पोचल्याचा पुरावा घ्या आणि पैसे दिल्याचा बँकेचा उतारा जोडा. नाहीच आले, तर ते २ लाख सोडवण्यासाठी आणखी ३० लाख भरू नका.