ॲक्सेसच्या फाइलवर डिजिटल सही टिकत नाही, काय करू?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन तक्रारी आहेत. ॲक्सेस २०१६ (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम) मधल्या एसीसीडीबी, म्हणजे नव्या प्रकारच्या डेटाबेस फाइलच्या व्हीबीए कोडवर (ॲक्सेसमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर) सही केली की ‘सर्टिफिकेटमध्ये अडचण आहे, सही काढून टाकली जाईल’ असा मेसेज येतो. आणि जुन्या प्रकारच्या एमडीबी फाइलवर सही बसली, तरी ऑफिसातल्या बाकीच्या पीसींवर सुरक्षेचा इशारा देणारी पिवळी पट्टी जात नाही. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून वेगवेगळीच बघा.

पहिल्यात सर्टिफिकेटचा काही दोष नाही. ॲक्सेस २००७ मध्ये एसीसीडीबी आली, तेव्हा तिच्यातल्या कोडवर थेट सही करायची सोयच ठेवली नव्हती. पण कोडच्या खिडकीतल्या टूल्स मेनूत ‘डिजिटल सिग्नेचर’ दिसत राहिलं आणि मेसेजही सर्टिफिकेटकडेच बोट दाखवतो, म्हणून माणसं एकामागून एक नवी सर्टिफिकेटं बनवत बसतात. तुमचं तेच सर्टिफिकेट एमडीबीवर चाललं, यातच उत्तर आलं. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अलीकडच्या ॲक्सेसमध्ये ही सोय परत आली आहे. २०१६ वर ‘पॅकेज अँड साइन’ (फाइल सही केलेल्या पॅकेजमध्ये बांधणं) करता येतं, पण ती सही फाइल पोचवण्यापुरतीच असते. पॅकेजमधून डेटाबेस बाहेर काढला की त्याचा सहीशी संबंध उरत नाही.

आता पिवळी पट्टी. सेल्फसर्टने (ऑफिससोबत येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट फक्त तुमच्या पीसीला ओळखीचं असतं. दुसऱ्या पीसीवर सहीचे तपशील उघडून सर्टिफिकेट बघा. रूटवर, म्हणजे सर्टिफिकेट मुळात देणाऱ्यावर, विश्वास नाही, असं तिथे लिहिलेलं सापडेल. तुमच्या पीसीवरून सर्टिफिकेट प्रायव्हेट की (सही करण्याची गुप्त किल्ली) न घेता सीईआर फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा. मग ते प्रत्येक पीसीवर ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन अथॉरिटीज’ आणि ‘ट्रस्टेड पब्लिशर्स’ अशा दोन्ही ठिकाणी इम्पोर्ट करा. बहुतेक जण पहिल्या ठिकाणी टाकून थांबतात आणि पट्टी तशीच राहते. प्रायव्हेट की मात्र कुणालाही देऊ नका, नाहीतर तुमच्या नावाने कुणीही सही करू शकेल.

एखाद्याच पीसीवर अडत असेल तर आधी त्याची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि मग सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही असं विंडोजला वाटतं.

इन्कम टॅक्स रिटर्नसाठी घेतलेल्या डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) टोकनने सही करता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. नाही. ते सर्टिफिकेट कागदपत्रांवर सही करण्यासाठी असतं, त्यात ‘कोड सायनिंग’ हा उद्देश नसतो. कोड सायनिंगचं सर्टिफिकेट वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि १ जून २०२३ पासून त्याची प्रायव्हेट कीसुद्धा टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते.

माझं स्पष्ट मत सांगतो: ॲप्लिकेशन फक्त ऑफिसातच वापरायचं असेल तर सहीच्या मागे लागू नका. डेटाबेस दोन भागांत करा. टेबलं सर्व्हरवरच्या बॅकएंडमध्ये, आणि फॉर्म, रिपोर्ट, कोड फ्रंटएंडमध्ये. फ्रंटएंडची कॉपी प्रत्येक पीसीच्या सी ड्राइव्हवर एका स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवा आणि ॲक्सेसच्या ऑप्शन्समधल्या ट्रस्ट सेंटरमध्ये ‘ट्रस्टेड लोकेशन्स’मध्ये (विश्वासाच्या फोल्डरांच्या यादीत) तेवढाच फोल्डर घाला. डाउनलोड्स किंवा डेस्कटॉप कृपा करून तिथे घालू नका. नाहीतर मेलमधून येऊन तिथे पडलेल्या कुठल्याही फाइलचा कोड न विचारता चालेल. बाहेरच्या ग्राहकांना फाइल द्यायची असेल तेव्हा मात्र सही हवीच, आणि कोडला हात लावला की दर वेळी ती नव्याने करावी लागेल.

एवढं करून पट्टी लाल रंगाची आली, तर फाइल इंटरनेटवरून आल्याची खूण तिच्यावर राहिलेली असते. फाइल कुणी पाठवली याची खात्री करून घ्या, मग फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर टिक करा.