सीझनची पहिली रेस श्वासावर पळ

बाय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. पणजीच्या रेसला 10 किमी 55 मिनिटांत करायचंय, ताई काय करू म्हणून विचारलंस. सरळ सांगते, या रेसपुरते ते 55 डोक्यातून काढ. तुला जमणार नाही म्हणून नाही, जानेवारीत तू 56 मध्ये फिनिश केलंस ते मी बघितलंय आणि येत्या जानेवारीत तू 54 पण करशील याची मला खात्री आहे. पण ही ऑक्टोबरातली रेस, पाऊस नुकताच गेलाय, आणि जानेवारीतला पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ऑक्टोबरात मागितला की शरीर देत नाही, पाय कितीही तयार असले तरी.

कारण नीट समजून घे, म्हणजे माझं ऐकायला सोपं जाईल. धावताना आपण जी शक्ती खर्च करतो तिचा साधारण तीन चतुर्थांश भाग नुसती उष्णता होतो. ढोबळ हिशेब असा की किलोमागे किलोमीटरला एक किलोकॅलरी, म्हणजे 50 किलोच्या मुलीला 10 किमीला 500, त्यातले पावणेचारशे उष्णतेत गेले. आता एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे तुला साडेसहाशे मिली घाम नुसता येऊन चालत नाही, तो अंगावर वाळला पाहिजे. आणि आपल्याकडे ऑक्टोबरात पहाटे हवा 24-25 डिग्री असली तरी आर्द्रता 90 च्या आसपास असते, घाम वाळतच नाही, कोपरावरून टपकतो आणि बुटात जातो. टपकलेल्या घामाने अंग थंड होत नाही गो. मग हृदय रक्त पायांनाही पाठवतं आणि कातडीलाही पाठवतं, त्याच पेसला हार्ट रेट दर किलोमीटरला चढत जातो आणि आपल्याला वाटतं की आपला फिटनेस गेला. फिटनेस कुठे जात नाही.

त्यात तुझा पावसाळा मला माहीत आहे. जून ते सप्टेंबर फर्मागुडीच्या चढावर छत्रीवाल्यांमधून वाट काढत, शेवाळावरून जपून, जे पळलीस ते पायांच्या चांगलंच कामी आलंय, चढासारखा पायाला ताकद देणारा प्रकार नाही. चवथीत गॅप पडली त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, चवथीत आरत्या, घुमट, रात्रीची जागरणं, नेवऱ्या-पातोळ्या सोडून कोण पहाटे पाचला उठून पळतो, आणि पळू नयेच असं माझं मत. पण चार महिने तू गार, ढगाळ हवेत पळलीस आणि उन्हाची सवय पूर्ण गेलीय, ती परत आणायला माणसाला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तुझ्याकडे अजून तीन आठवडे आहेत म्हणजे वेळ आहे. आठवड्यातले तीन-चार रन पहाटे न करता सकाळी साडेसात-आठला कर, अर्धा-पाऊण तास, एकदम हळू, घड्याळाचा पेस स्क्रीनवरून काढूनच टाक. मर्दोळ-मंगेशीच्या हायवेवर नको, तिथल्या ट्रॅफिकला पळणारा माणूस दिसत नाही, आतल्या रस्त्यांनी जा. शेवटच्या आठवड्यात कमी कर, रेसच्या दोन दिवस आधी चार किलोमीटर, त्यात चार-पाच छोटे जोरात तुकडे, झालं.

आता रेसचं सांगते, कारण हा रूट मी पळलेय, गेल्या सीझनला पण पळले. कांपालहून सुटतो, मिरामार सर्कल, करंजाळे, मग दोनापावला, तिथे वळायचं आणि त्याच रस्त्याने परत. कागदावर सपाट आहे. सुटल्यावर पहिले दीड किलोमीटर सगळे एवढे जोरात जातात की आपण उभेच आहोत असं वाटतं, म्युझिक चालू असतं, पोरं ओरडत असतात, अंधार जाऊन उजाडत असतं, आणि मन म्हणतं आज जमतंय. तिथेच धर स्वतःला. तुझ्या बिबला, म्हणजे छातीवरच्या नंबराला, चिप आहे, तुझी वेळ तू सुरुवातीच्या रेषेवरची मॅट ओलांडल्यावर सुरू होते, बंदूक वाजल्यावर नाही, मग पुढे घुसायची काहीच गरज नाही, मधल्याच्याही थोडं मागे उभी राहा. पहिले तीन किलोमीटर सव्वासहा मिनिटांच्या पेसने, आणि पेसपेक्षा महत्त्वाचं म्हणजे आरतीची एक अख्खी ओळ न तुटता म्हणता आली पाहिजे. मोठ्याने म्हण, कोण ऐकतं तिथे. ओळ मध्ये तुटली तर तू जोरात चाललीस, घड्याळ काहीही दाखवू दे.

मिरामारला समुद्र बाजूला आहे म्हणून वारा लागेल असं समजू नकोस. सकाळच्या त्या वेळेला समुद्रावरचा वारा सुरूच झालेला नसतो, तो दुपारकडे येतो, पहाटे हवा नुसती उभी असते, सुरूच्या झाडांचं टोक पण हलत नाही. मग दोनापावलाकडे जाताना रस्ता हळूच वर चढतो, डोळ्याला कळत नाही पण पिंडऱ्यांना कळतं. तिथे पेस पंधरा सेकंद पडला तर पडू दे, श्वास तोच ठेव. उतारावर ते अर्धे परत मिळतात.

आणि मग सातवा किलोमीटर. हा मी तुला मुद्दाम सविस्तर सांगतेय कारण याच्याबद्दल कोणी सांगत नाही, सगळे शेवटच्या किलोमीटरबद्दल बोलतात. परत करंजाळ्याला येतो आपण, आता ऊन डोळ्यांवर आलेलं असतं, टीशर्ट अंगाला चिकटून जड झालेला, पाण्याचं टेबल मागे गेलं, पुढचं दिसत नाही, रस्ता सरळ लांब, आणि फिनिश अजून इतकी लांब की तिचा विचार करून उपयोग नाही. गेल्या सीझनला इथे माझ्या आजूबाजूची माणसं एकेक करून चालायला लागली, त्यातले कितीतरी कांपालला मला ओव्हरटेक करून गेलेले, माझ्यापेक्षा तरुण, चांगले बूट, चांगली बॉडी. माझा श्वास अजून माझ्याकडे होता. मी काही जोर लावला नव्हता, नुसता जोर राखून ठेवला होता, आणि तो आनंद, बाय, मेडलपेक्षा खूप मोठा असतो, आपल्याला कळतं की आपण आपल्या शरीराशी खरं बोलतोय. तुला हे या रेसमध्ये मिळावं एवढंच मला पाहिजे. सात नंतर ओळ तुटली तरी चालेल, आठनंतर वाटलं तर सोड स्वतःला, शेवटचे दोन जेवढं आहे तेवढं दे. मोठे धावपटू पण असंच पळतात, केनियाच्या केल्व्हिन किप्टमने 2023 मध्ये शिकागोला मॅरेथॉनचा 2:00:35 चा विक्रम केला तेव्हा त्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा मिनिटभराने फास्ट होता.

पाण्याचं थोडक्यात. आदल्या दिवशीपासून लिटरवर लिटर ढोसू नकोस, नुसतं पाणी खूप झालं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही धोक्याचं आहे. तहान लागेल तसं पी, रेसमध्ये प्रत्येक टेबलावर दोन-तीन घोट, उरलेला ग्लास डोक्यावर आणि मानेवर ओत. 10 किमीला जेल वगैरे लागत नाही, ते पैसे वाचव. नंतर ओआरएस घे, पण 20.5 ग्रॅमचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात घट्ट करून पिणारे मी बघितलेत, तसं करायचं नाही. घरी येऊन मीठ घातलेलं कोकम सरबत पण छान.

आदल्या रात्री भात आणि साधं हुमण, लवकर जेव. शागुती, तळलेला बांगडा, शेजारच्या बर्थडेचं काय असेल ते, सगळं रविवारी दुपारी. सकाळी निघताना एक केळं आणि चहाबरोबर अर्धा पाव, जे तू लाँग रनच्या आधी खातेस तेच, नवीन काही नाही. तुमच्या वाड्यावर दिवाळीच्या आधी नरकासुराचा पुतळा बनवायचं काम चालू असेल, पोरं रात्री दोन-दोनपर्यंत गाणी लावतात, म्हणून झोप शुक्रवारी भरून घे, शनिवारी रात्री लागली नाही तर घाबरू नकोस, एका रात्रीने पाय जात नाहीत. फोंड्याहून पहाटे बसच्या भरवशावर राहू नकोस, भावाला गाडी घेऊन यायला आत्ताच सांगून ठेव. बिब शनिवारीच घे. काखेत, स्पोर्ट्स ब्राच्या पट्टीखाली आणि मांड्यांना व्हॅसलिन भरपूर लाव, ओल्या हवेत कातडी सोलून निघते आणि ते आंघोळीला कळतं.

एक गोष्ट मात्र माझी शप्पथ समजून पाळ. उन्हात पळताना अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं, डोकं हलकं झालं, पाय भलतीकडे पडायला लागले तर तिथेच थांबायचं, सावलीत बसायचं आणि व्हॉलंटिअरला हाक मारायची. घाम येतोय म्हणजे मी ठीक आहे असं नसतं, पळताना ऊन बाधतं तेव्हा बऱ्याचदा घाम चालूच असतो. दुसरं कोणी असं भेलकांडताना, असंबद्ध बोलताना दिसलं तर तुझी रेस गेली खड्ड्यात, आधी त्या माणसावर थंड पाणी, बर्फ, जे मिळेल ते, आणि लगेच ॲम्ब्युलन्स. अंग थंड करणं तिथल्या तिथे सुरू झालं पाहिजे, हॉस्पिटलची वाट बघत बसायचं नाही.

टायमिंग काय येईल विचारशील तर माझा अंदाज 60 ते 62. ते तुझं आजचं खरं माप, त्यावरून आपण नोव्हेंबरचा प्लॅन बसवू, टेम्पो रन, म्हणजे जरा जोरातले सलग रन, किती पेसने करायचे, लाँग रन किती वाढवायचा, हाफ मॅरेथॉनला नाव द्यायचं की नाही. 62 आले म्हणून रडायचं नाही आणि चुकून 58 आले म्हणून मंगळवारी इंटरव्हल, म्हणजे थांबून-थांबून जोरात तुकडे, करायला धावायचं नाही, तीन दिवस फक्त चालायचं.

रविवारी दुपारी जेवून झोपून उठलीस की फोन कर. घड्याळातले स्प्लिट, म्हणजे प्रत्येक किलोमीटरची वेळ, पाठव, आणि कितव्या किलोमीटरला ओळ तुटली ते आठवून सांग, मी वहीत लिहून ठेवणार आहे.

तुझी,
ताई