पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यात शाकाहाराचे चित्र नसते, मग त्याचा अर्थ कसा कळतो?

हिरव्या ठिपक्याचा अर्थ साम्यामुळे नव्हे, तर सर्वांनी मान्य केलेल्या संकेतामुळे कळतो आणि तो संकेत आधी शिकावा लागतो. अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी चिन्हांचे तीन प्रकार सांगितले आहेत: वस्तूसारखे दिसणारे (व्यक्तिचित्र), वस्तूशी प्रत्यक्ष जोडलेले (आगीचा धूर) आणि निव्वळ रूढीने ठरलेले. ठिपका तिसऱ्या प्रकारातला. हिरव्या रंगाला पालेभाजीचा थोडाफार आधार आहे, पण मांसाहार दाखवणाऱ्या तपकिरी खुणेला तेवढाही नाही. केवळ रंगावर उभा असलेला संकेत किती कच्चा असतो, हेही इथेच दिसते: पूर्वी मांसाहारी पदार्थांसाठीही ठिपकाच असल्यामुळे हिरवा आणि तपकिरी हा भेद न ओळखू शकणाऱ्या रंगांध व्यक्तींना दोन्ही खुणा सारख्याच भासत, म्हणून भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी त्याऐवजी चौकटीतला तपकिरी त्रिकोण ठरवला. मात्र चिन्हाचा अर्थ नियमातील व्याख्येपुरताच असतो. दूध असलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका येतो, अंडे असलेल्यावर येत नाही. त्यामुळे दूधही वर्ज्य मानणाऱ्यांनी केवळ ठिपक्यावर विसंबू नये, घटकांची यादी वाचावी.