एजंटचे ३५ हजार की तालुक्याचा आयटीआय?

प्रश्न : आम्ही आर्णी तालुक्यातले. दोन एकर कोरडवाहू शेती, मी मजुरीला जाते, मुलाचे बाबा गवंडीकाम करतात. मुलगा यंदा ५४ टक्क्यांनी दहावी पास झाला. वय १६, वायरिंगचा भारी नाद. गावात एक माणूस आला होता. म्हणाला, इलेक्ट्रिशियनचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, ३५ हजार भरा, पुण्यात नोकरी पक्की. बचत गटातून कर्ज मिळेल. भरू का? – एक आई

उत्तर : ताई, भरू नका. गटाचं कर्ज तर यासाठी मुळीच उचलू नका. महावितरण असो, रेल्वे असो की वेस्टर्न कोलफिल्ड्स, वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) म्हणून अर्ज करायचा तर एनसीव्हीटीचं, म्हणजे राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषदेचं, प्रमाणपत्र मागतात, आणि वीजतंत्रीचा तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. सहा महिन्यांच्या खासगी डिप्लोमावरचा अर्ज छाननीतच बाद होतो. त्या माणसाला एवढंच विचारा : संस्थेला एनसीव्हीटीची संलग्नता आहे का, आणि कोणती कंपनी कोणत्या पदावर घेणार ते लेटरहेडवर लिहून देता का? अशी ‘पक्की नोकरी’ बहुतेक वेळा ठेकेदाराकडची हेल्परी निघते. खोली-जेवण वजा जाता घरी पाठवायला काही उरत नाही, कर्जाचा हप्ता मात्र सुरू राहतो.

त्याला सरकारी आयटीआयला घाला. अर्ज ऑनलाइन भरायचा, जवळच्या आयटीआयमध्ये मूळ कागद दाखवून तो निश्चित करून घ्यायचा आणि मग पसंतीक्रम भरायचे. मुलं चुकतात ती या शेवटच्या टप्प्यावर. अर्ज निश्चित झाला म्हणजे काम झालं असं समजून घरी बसतात, पसंतीक्रम भरायचे राहतात आणि निवड यादीत नावच येत नाही.

वीजतंत्रीला गर्दी असते. ५४ टक्क्यांवर पहिल्या फेरीत जागा मिळेलच असं नाही. म्हणून त्याच्याखाली तारतंत्री (वायरमन) टाकाच. तोही दोन वर्षांचा आहे आणि महावितरणच्या विद्युत सहायक पदाला दोन्ही चालतात. फक्त आर्णीवर अडून राहू नका. दारव्हा, दिग्रस, यवतमाळही लिहा. पहिल्या क्रमांकावर मात्र जे खरंच हवं तेच टाका. ती जागा लागली आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. फेऱ्यांत काहीच लागलं नाही तर शेवटी समुपदेशन फेरी असते, ती सोडू नका.

कागदांसाठी सेतू केंद्रात लगेच जा. निकालानंतर तिथे झुंबड उडते. टीसी, गुणपत्रिका, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, आरक्षणात बसत असाल तर जातीचा दाखला, ओबीसी किंवा भटक्या-विमुक्तांतले असाल तर नॉन-क्रिमीलेयरही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर नाव अक्षरशः सारखं आहे का, ते आजच बघा. शिष्यवृत्ती सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून आधारच्या आधारे थेट खात्यात येते. बँकेत नुसतं ‘आधार जोडा’ म्हणू नका, ‘डीबीटीसाठी सीडिंग करा’, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद करा, असं सांगा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी राहून गेली म्हणून मंजूर झालेले पैसे अडकतात. रोजच्या जाण्यायेण्यासाठी एसटीच्या विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. मजूर मिळत नाहीत म्हणून मुलाला पंधरा-वीस दिवस घरी ठेवलं, पुन्हा वेचणीला ठेवलं, की हजेरी गेलीच. हुशार मुलंही इथेच मागे पडतात. मजुरीचा खर्च झेपत नसेल तर त्याला रविवारी शेतात न्या, इतर दिवशी नाही. हे घरात आत्ताच ठरवा.

दोन वर्षं लागतात ती का, ते गावातल्या मोटारींवरूनच दिसेल. पाच हॉर्सपॉवरची तीन फेजची मोटर साधारण साडेसात अँपिअर करंट घेते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग, मोटरच्या पाटीवरच्या आकड्यानुसार लावायचा असतो. रिले सारखा ट्रिप होतो म्हणून अर्धवट शिकलेला मुलगा डायल वर फिरवून देतो. रात्रीच्या लाइनीत एक फेज जातो, रिले पडत नाही आणि वाइंडिंग जळतं. ज्याला रिले का पडला हे शोधता येतं, त्याला पंचक्रोशीतून बोलावणी येतात. आणखी एक, हात जोडून सांगते : प्रमाणपत्र मिळालं तरी त्याला डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) फ्यूज टाकायला चढू देऊ नका. ते काम महावितरणच्या कर्मचाऱ्याचं आहे. त्यात कितीतरी घरची मुलं गेली आहेत.

पास झाल्यावर घरी बसवू नका. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी करून एका वर्षाची शिकाऊ उमेदवारी करू द्या. त्यात दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी वेगळं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. महावितरण, चंद्रपूर आणि कोराडीची वीज केंद्रं, रेल्वेचा नागपूर विभाग, बुटीबोरीतले कारखाने असे शिकाऊ घेतात. पुढे शिकावंसं वाटलं तर दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

मुलाच्या बाबांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का? नसेल तर करून घ्या. मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदार देत नसेल तर ग्रामसेवकाकडे मागा. नोंदणी आधीच असेल आणि नूतनीकरण झालेलं असेल, तर दहावीला ५० टक्क्यांच्या वर गुण मिळवलेल्या मुलासाठी १० हजारांची मदत आहे. तुमच्या मुलाला ५४ आहेत. गुणपत्रिका घेऊन अर्ज करा.